आधी पन्हळ, मग भिंत

सकाळी साडेसहा

लीड्समध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या वेळेला नुकते उजाडत असते. चहाचा कप हातात घेऊन मी हवामान बघते, पण पावसासाठी नव्हे. पाऊस असतोच. वर्षाचा पाऊस मोजला तर तो पुण्याच्या आसपासच भरतो. फरक इतकाच, की पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो आणि भिंतींना वाळायला उरलेले वर्ष मोकळे मिळते. इथे तो बारा महिने थोडा थोडा येत राहतो.

मला हवे असते रात्रीचे तापमान. चुन्याचा गिलावा पाच अंशांखाली करायचा नाही, आणि केल्यावर पहिले काही दिवस त्याला गोठू द्यायचे नाही. आतले पाणी गोठले की पोपडे निघतात. आज रात्री सात, उद्या सहा, शुक्रवारी तीन. म्हणजे हेडिंग्लीच्या घराची मागची भिंत आज-उद्यात एका हाताने तरी झाकली गेली पाहिजे.

माझे काम रेट्रोफिट कोऑर्डिनेटरचे. जुन्या घराच्या भिंतींना ऊब राखणारा थर चढवायचा, तर पाहणी करणारा, आराखडा करणारा, गवंडी, वीजवाला यांना एका सुतात ठेवायचे आणि घराला त्यातून ओल लागणार नाही हे बघायचे. २०१९ साली पीएएस २०३५ हे मानक आले, त्यात हे पद लिहिले गेले. त्याआधी ज्याच्या हातात थापी, बहुतेक निर्णय त्याचेच.

आठ वाजता

हेडिंग्लीचे हे घर १८९०च्या दशकातले, लाल विटांच्या रांगेतले. मालक चिपळूणचा. क्रिकेटचे मैदान चालत जाण्याइतके जवळ, म्हणून घर घेतले. १९९२मध्ये यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिन इथे आला होता, हे तो कोणालाही पहिल्या दोन मिनिटांत सांगतो. भिंतींची चौकशी त्याने घर घेतल्यानंतर केली.

भिंत नऊ इंची, सलग. ती ओळखायला यंत्र लागत नाही. विटा लांबीने ठेवलेले तीन किंवा पाच थर आणि मग विटांची नुसती तोंडे दिसणारा एक थर, अशी इथली रचना. तोंड दिसले की समजायचे, वीट आरपार गेली आहे, मध्ये पोकळी नाही. दोन पदरांची, मध्ये पोकळी ठेवलेली भिंत सर्रास आली ती साधारण १९२०नंतर. सलग भिंत पावसात भिजते, चार-सहा इंच ओली होते, आणि उघडीप मिळाली की वारा आणि आतली ऊब मिळून तिला वाळवतात. दरजांमधला चुना या कामात विटेपेक्षा जास्त राबतो. भिंतीचे भिजणे हा दोष नाहीच. वाळणे बंद पडले की दोष.

समोरच्या बाजूला संवर्धन क्षेत्राचे नियम आहेत, तिथे बाहेरून काही लावता येत नाही. मागची भिंत मोकळी. तिला बाहेरून लाकडी तंतूंचे १२० मिलिमीटर जाडीचे तक्ते आणि वर चुन्याचा गिलावा, असे ठरले आहे. गेल्या दोन दिवसांत बहुतेक तक्ते चढले. शेजारच्या घराच्या हद्दीजवळचा दीड मीटरचा पट्टा तेवढा बाकी.

परांचीवर आमचा गवंडी उभा आहे. साठी उलटलेला, यॉर्कशायरचा. इथल्या रिवाजाप्रमाणे तो मला ‘लव्ह’ म्हणतो, घरमालकालाही तेच म्हणतो आणि कुत्र्यालाही. रात्री पाऊस झाला होता. तो बोटाने वर दाखवतो. दोन घरांच्या पन्हळी जिथे जोडल्या आहेत तिथून धार नाही, पण एक सावकाश ठिबक चालू आहे, आणि तिच्या खाली भिंतीवर कोहळ्याएवढा काळपट डाग.

“काल नव्हता,” तो म्हणतो.

होता. काल ऊन होते म्हणून दिसला नाही. मी बादलीभर पाणी पन्हळीत ओतून बघते. सांध्याचे रबर गेले आहे, आणि पन्हळीचा उतार उलटा आहे: पाणी नळाकडे जायच्या ऐवजी सांध्यापाशी थांबते. खाली उतरून दरजा कोरून बघते. वरवर सिमेंट, आत मूळ चुना, आणि तो चुना ओला पिठासारखा हाताला लागतो. कधीतरी कोणीतरी ‘भिंत पक्की करायची’ म्हणून सिमेंटने दरजा भरल्या. तेव्हापासून पन्हळीचे पाणी विटांमध्ये जाते, पण दरजांतून बाहेर पडत नाही. तिथल्या काही विटांचे तोंड पापुद्र्यासारखे सुटले आहे.

या पट्ट्यावर आज तक्ता चढणार नाही. उद्याही नाही. ओली भिंत वाळायला लागणाऱ्या वेळेचा जुना ठोकताळा महिन्याला एक इंच असा आहे. नऊ इंच आहेत. दोन्ही बाजूंनी वाळेल, उन्हाळा पुढे आहे, म्हणून सप्टेंबरात पुन्हा बघू. तोवर सिमेंटच्या दरजा हलक्या हाताने काढायच्या, चुन्याने भरायच्या आणि पट्टा उघडा ठेवायचा. गवंडी मान डोलावतो. त्याला हे पटवावे लागत नाही. पटवावे लागेल घरमालकाला, कारण परांची दोनदा बांधायची म्हणजे तिचे भाडे दोनदा.

खाली जोत्यापाशी दुसरे काम निघाले आहे. परसात कोणे एके काळी काँक्रीट ओतले, त्यावर पुन्हा ओतले, आणि जमीन भिंतीतल्या पाटीच्या दगडाच्या थराला येऊन टेकली. तो थर जमिनीची ओल वर चढू नये म्हणून घातलेला, बाहेरची जमीन त्याच्या किमान १५० मिलिमीटर खाली हवी. लाकडी जमिनीखाली वारा खेळवणारे झरोके निम्मे बुजलेत. काँक्रीटची भिंतीलगतची पट्टी कापायची, खाली उकरायचे, खडी भरायची. झरोक्यांना नव्या थराच्या जाडीइतके लांब नळकांडे लावून पुढे आणायचे. जमिनीजवळ लाकडी तक्ता लावायचाच नाही, तिथे पाण्याला न बधणारा वेगळा तक्ता येतो. बॉयलरचा धूर बाहेर नेणारी नळी लांबवायला गॅसचा परवानाधारक माणूस उद्या येतोय.

ऊब राखणारा थर लावण्याच्या कामात प्रत्यक्ष थर लावणे किती थोडे असते हे नव्या माणसाला खरे वाटत नाही.

साडेनऊ

आत घरमालकाची आई सहा महिन्यांसाठी आलेली. मी त्यांना काकू म्हणते. समोरच्या खोलीत वॉर्डरोब भिंतीपासून ओढला तर मागे हिरवट-काळी बुरशी, आणि कुबट वास.

“मी सांगत होते याला, भिंतीला घाम येतोय,” काकू म्हणतात. “हा म्हणतो, आई, इंग्लंडात भिंतींना घाम येत नाही.”

मी यंत्र लावते. खोलीत १९ अंश, आर्द्रता ६५ टक्के. अशा हवेतली वाफ साधारण १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. उघड्या भिंतीवर १६ अंश आहेत, तिथे काही नाही. वॉर्डरोबमागे घरातली ऊब पोचत नाही, तिथे साडेअकरा. आणि बुरशीला पाणी साचायचीही गरज नसते, भिंतीलगतची हवा ऐंशी टक्क्यांवर बरेच दिवस राहिली तरी तिचे भागते. काकूंचे निदान बरोबर आहे.

“मग काय, डाळ-भात शिजवू नको?”

इथे मी जपून बोलते. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. घरात वाळत घातलेल्या एका खेपेच्या कपड्यांतून सुमारे दोन लिटर. हे सगळे खरे, पण ते सांगून भाडेकरूंवर आणि विशेषतः बाहेरून आलेल्या कुटुंबांवर बोट ठेवायची इथे जुनी सवय आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२०मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या आईबापांनाही तुमची राहणीच अशी, हेच ऐकवले गेले होते. आता त्याच्या नावाचा कायदा आहे, ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना लागू. ओल-बुरशीची तक्रार आली की ठरावीक मुदतीत तपासणी करावीच लागते.

म्हणून काकूंना मी एवढेच सांगते की डाळ शिजवा, फोडणीही द्या, पंखा मी बसवते. न्हाणीघरातला सध्याचा पंखा आवाज पुष्कळ करतो, हवा ओढत नाही. मी त्याच्या जाळीवर कागद धरते, कागद खाली पडतो. नवा येईल तो मंद गतीने दिवसरात्र चालेल आणि वाफ वाढली की आपोआप वेग घेईल. दारांखाली दहा मिलिमीटर फट ठेवू, नाहीतर पंखा हवा ओढणार कुठून?

पट्ट्याची बातमी मालकाला इथेच देते.

“ताई, म्हणजे भिंत अर्धवट?”

“सप्टेंबरपर्यंत.”

“लोक काय म्हणतील?”

“मागची भिंत आहे. लोक समोरून येतात.”

तो हसत नाही. परांचीच्या भाड्याचा आकडा सांगितल्यावर अजूनच नाही. वाद मिटवतात त्या काकू. चिपळूणला पावसाळ्याआधी भिंतीबाहेर माडाची झापे बांधायचे. झड भिंतीवर येत नसे आणि मागून वारा खेळत असे. “पण भिंत ओली असताना कोणी झापं बांधत नाही रे,” त्या म्हणतात. “मेमध्ये बांधतात, तापल्यावर.” मला इतक्या वर्षांत याहून नेमके वाक्य कुठल्या प्रशिक्षणात ऐकायला मिळालेले नाही.

सव्वाअकरा

आर्मलीतले घर. मालक निवृत्त बसचालक. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून बाहेरच्या भिंतींना फुकट थर लावून मिळाला. आता खिडक्यांभोवती आत काळे ठिपके, आणि जिन्याखालची जमीन पायाखाली दबते.

बाहेरून घर देखणे दिसते, पांढरे, गुळगुळीत. मी कडा बघत फिरते. खिडकीच्या बाजूंना थर आत वळवलेलाच नाही. चौकटीची पट्टी बारीक होती, वीस मिलिमीटर मावले असते पण ते तासून बसवावे लागले असते. आता सगळी भिंत उबदार आणि खिडकीभोवतीची वीतभर पट्टी तेवढी थंड, त्यामुळे घरातली वाफ बरोबर तिथे जाऊन बसते. वरती छपराची वळचण थराच्या जाडीइतकी पुढे आणलेली नाही. तिच्याऐवजी धातूची टोपी आणि तिच्या कडेला सिलिकॉन. सिलिकॉन सुटले आहे, पाणी थराच्या मागे उतरते. खाली झरोके दिसत नाहीत. टकटक करून बघितले तेव्हा एका ठिकाणी पोकळ वाजले. तिथेच होते, वरून सरसकट तक्ता मारून बंद.

जिन्याखालची एक फळी काढून तुळईत सुया खुपसते: २७ टक्के. वीसच्या वर गेले की लाकूड सडण्याची तयारी सुरू होते असे आम्ही धरतो.

इथे वापरलाय तो पॉलिस्टायरीन. माझ्या व्यवसायातले निम्मे लोक सगळे खापर त्याच्यावर फोडतील. जुन्या सलग भिंतीवर मी स्वतः तो लावणार नाही, कारण भिंतीतली वाफ त्यातून फारच हळू बाहेर पडते. पण या घराची नासाडी त्याने केलेली नाही. ती कडांनी केली. महागाचे लाकडी तक्ते आणि उत्तम चुना वापरूनही, झरोके बुजवून आणि वळचण आखूड ठेवून, हे घर इतक्याच झटपट सडवता आले असते. नैसर्गिक साहित्याचे नाव घेतले की हल्ली लोक कडा बघायचे सोडून देतात, ही माझी जुनी चिडचिड.

हे एकट्या घराचे दुखणे असते तर बरे. प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३च्या सुमारास शेकडो घरांना असाच थर लागला आणि पाणी आत शिरून लोकांची घरे ओलीने भरली. नंतरही योजना येत गेल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने अलीकडच्या दोन योजनांचा हिशेब मांडला. बाहेरून थर लावलेल्या २२ ते २३ हजार घरांत, म्हणजे ९८ टक्के घरांत, दुरुस्ती लागेल असे मोठे दोष असावेत, असा त्यात अंदाज होता. आतून थर लावलेल्यांत २९ टक्के. अहवाल आला त्या आठवड्यात मला नातेवाइकांचे फोन आले, तुझे काम असेच चालते का म्हणून.

म्हातारा विचारतो, “सगळं उखडायचं का?” संध्याकाळी लिहून कळवते म्हणते.

एक ते दीड

गाडीत पोळी-भाजी. पाऊस.

दीड वाजता

कार्यालय. आता हेडिंग्लीची समोरची भिंत. तिला बाहेरून हात लावता येत नाही, म्हणजे आतून.

आतून थर लावणे मला नेहमी जास्त भीतीदायक वाटते. बाहेरून लावला तर भिंत घरासोबत उबदार होते आणि कोरडी राहते. आतून लावला तर उलटे: घर उबदार, आणि भिंत आपली बाहेरच्या गारठ्यात एकटी. आजवर घरातली ऊब तिला वाळवत होती, ती आपण तोडली. जितका जाड थर, तितकी भिंत जास्त गार आणि ओली. त्यात लाकडी तुळयांची टोके भिंतीत घुसलेली असतात.

भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॉट ऊब निसटते, तो आकडा आमच्या हिशेबाचा पाया. सलग विटांच्या भिंतीसाठी सरकारी पद्धतीत पूर्वी तो २.१ धरायचे, पुढे १.७ केला. १८७७मध्ये विल्यम मॉरिसने काढलेल्या एसपीएबी या जुन्या इमारतींच्या संस्थेने खऱ्या घरांच्या भिंती मोजल्या, तेव्हा बऱ्याच भिंती गृहीत आकड्यापेक्षा बऱ्या निघाल्या. म्हणजे जुनी भिंत कागदावर असते तितकी वाईट नसते, आणि थर लावून होणारी बचतही कागदावर असते तितकी नसते.

नियमांचे लक्ष्य ०.३०. मागच्या भिंतीला बाहेरून १२० मिलिमीटर लावून ते गाठता येते. समोर आतून गाठायचे तर तेवढीच जाडी लागेल. मी ६० मिलिमीटरवर थांबते, आकडा ०.५च्या आसपास येतो. भिंतीला धोका असेल तर कमी करण्याची सवलत नियमांतच आहे, फक्त कारण लिहून द्यावे लागते. संगणकावर पाच वर्षांचे हवामान चालवून बघते. ६०ला विटांच्या आतल्या बाजूची आर्द्रता दर उन्हाळ्यात खाली उतरते, १००ला ती वर्षागणिक चढत जाते. आराखडा करणारा तरुण १००साठी अडून बसला होता. त्याला दोन्ही आलेख पाठवले. उत्तर: एक अंगठा.

दुसरा मुद्दा: तक्ता आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी अजिबात नको. जिप्समचा गिलावा काढायचा, चुन्याने भिंत समतल करायची आणि तक्ता ओल्या चुन्यात दाबून बसवायचा. पोकळी राहिली की घरातली हवा तिथे पोचते आणि गार विटेवर पाणी सोडते.

साडेतीन

परत हेडिंग्ली. पाऊस थांबला, भिंत झाकलेली होती, गिलाव्याचा पहिला हात चालू आहे. जाळी चुन्यात दाबत गवंडी वरून खाली येतो. घाई नाही पण हात थांबतही नाही. खिडक्यांच्या बाजूंना लाकडी तक्त्याची पातळ पट्टी आत वळवलेली, मी प्रत्येकीवर मोजपट्टी ठेवून फोटो घेते. एका खिडकीला ती बारा मिलिमीटरच आहे. तिथे चौकट बदलल्याशिवाय जास्त मावणार नाही. तसे लिहून ठेवते.

अर्धवट पट्ट्याच्या कडेला तक्त्यांचे तोंड उघडे राहू नये म्हणून गवंड्याने उभी पट्टी लावून वरून पावसाला अडवणारी टोपी घातली आहे. मी सांगितले नव्हते. चहाच्या वेळी त्याला फोनवर गडावरच्या चुन्याच्या घाण्याचा फोटो दाखवते. दगडी चाक, गोल चर, बैलाने ओढून चुना-वाळू मळायची. तो बराच वेळ फोटो मोठा करून बघतो आणि विचारतो, “बैलाला किती द्यायचे?”

सहा

समोरच्या खोलीत जमिनीच्या दोन फळ्या उचलून तुळयांची टोके तपासली: १६ आणि १७ टक्के. चालेल. दोन्ही टोकांत ओल मोजणारे छोटे सेन्सर ठेवून फळ्या परत बसवल्या. थर चढल्यावर दोन हिवाळे आकडे बघायचे. वॉर्डरोब भिंतीपासून हातभर लांब ठेवायला सांगितले. काकूंनी तो आधीच आतल्या भिंतीला नेऊन लावला होता.

मालक विचारतो की बिल किती कमी येईल. आकडा मी देत नाही. घर आधीपेक्षा उबदार लागेल, तो बॉयलर कमी वेळ चालवेल, पण आजवर परवडत नाही म्हणून न तापवलेली खोली आता तापवू लागला तर बचतीतला काही भाग तिथे जाईल. जायलाच हवा, काकू त्याच खोलीत झोपतात.

पावणेआठ

घरी. आर्मलीचे पत्र. सगळे उखडायला नको, असे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तो माणूस रात्री तेवढीच ओळ वाचेल. मग क्रम: झरोके उघडणे, वळचण पुढे आणून टोप्या काढणे, खिडक्यांच्या बाजू कापून थर आत वळवणे, पंखे. तुळया वीसच्या खाली उतरल्यावर जिन्याखालची जमीन. थराच्या मागे पाणी किती साठले आहे हे दोन ठिकाणी तक्ता कापून बघावे लागेल, आणि ते जास्त निघाले तर पहिली ओळ बदलेल, हेही लिहिते. काम केलेली कंपनी, योजनेची हमी आणि विमा यांच्यात खर्चाचा चेंडू महिनाभर तरी फिरेल. झरोके मात्र मी येत्या शनिवारीच उघडून घेणार आहे, त्याला एक माणूस आणि अर्धा दिवस पुरतो.